त्रेसष्ट नावं

दार ठोठावून तिची बोटं लाल झाली, तरी घड्याळजींच्या घरातून हूं की चूं नाही. सकाळी सव्वाआठला फोन केला, उचलला नाही. साडेआठला केला, तेव्हाही नाही. पावणेनऊला चहाचा कप तसाच टाकून, दोन गल्ल्या आणि तीन मजले पार करून ती इथे येऊन उभी राहिली होती. निवृत्त घड्याळजी, वय वर्षं एक्क्याऐंशी, गुडघे कुरकुरणारे, पण कान तिखट. फोन न उचलणाऱ्यातला हा माणूसच नव्हता.

तेवढ्यात मागून कुणीतरी म्हणालं, “जरा सरका. मी खांदा लावतो.”

तिने वळून पाहिलं. उंच, बाह्या कोपरापर्यंत दुमडलेल्या, बोटात किल्ल्यांचा जुडगा… आणि चेहऱ्यावर असा आत्मविश्वास, जणू हे दार त्याच्या आजोबांनी बसवलं होतं.

“तुम्ही कोण?”

“आधी दार, मग ओळख.”

“मुळीच नाही. एकट्या म्हाताऱ्या माणसाच्या दाराला खांदा लावणाऱ्याला मी असा सोडत नसते.”

“आणि सकाळी सकाळी वही घेऊन म्हाताऱ्यांच्या दारात उभ्या राहणाऱ्या बाईला मी सोडत नाही. काय विकता? विमा?”

ती काहीतरी झणझणीत बोलणार, एवढ्यात दार उघडलं. घड्याळजी उभे होते – कमरेला टॉवेल, कानाला साबण.

“अरे, माणसाने आंघोळ करायची की नाही?” त्यांनी आधी तिच्याकडे, मग त्याच्याकडे पाहिलं, आणि त्यांचा चेहरा उजळला. “वा! दोघं एकदम? मी म्हणतच होतो, कधीतरी गाठ पडणारच.”

“तुम्ही यांना ओळखता?” दोघांनी एकाच वेळी विचारलं.

“आता काय सांगायचं! ही फोनवाली. सहा वर्षं रोज सकाळी माझी खबर घेते. आणि हा गाडीवाला. पाच वर्षं मला दवाखान्यात नेतो-आणतो.” घड्याळजींनी कानातला साबण पुसला. “आता जा. मला थंडी वाजतेय.”

दार बंद झालं. जिन्यात दोघंच उरली.

गाडीवाला! नाव तिने शंभरदा ऐकलं होतं. कुणाच्या तोंडी, “आज गाडीवाला येणार, लवकर आटपते.” कुणी म्हणे, “गाडीवाल्याने औषधं आणून दिली.” तिने मनात एक पन्नाशीचा, ढेरपोट्या, तोंडात काडी धरणारा माणूस रंगवून ठेवला होता.

“मला वाटायचं, फोनवाली म्हणजे साठीची कुणी असेल,” तो डोकं खाजवत म्हणाला. “जाड चष्मा… शाळेतल्या बाईंसारखा आवाज.”

“आवाजाचं खरं आहे,” ती म्हणाली, आणि जिना उतरू लागली. खालच्या वळणावर उगीचच तिने वर पाहिलं. तोही पाहतच होता.

*

तिची संस्था लहान होती. एक खोली, पाच फोन, चार मदतनीस बाया आणि ती. रोज सकाळी आठ ते दहा, गावातल्या एकट्या राहणाऱ्या म्हाताऱ्या माणसांना फोन करायचे. उठलात का, झोप लागली का, गोळी घेतली का? कुणी उचलला नाही तर पायी जाऊन पाहायचं. एवढंच काम. पण या एवढ्याशा कामाने सहा वर्षांत अकरा माणसं वेळेत दवाखान्यात पोचली होती. कुणी न्हाणीघरात पडलेलं, कुणी तापाने फणफणलेलं. ते अकराही जण तिला तोंडपाठ होते.

त्याच दुपारी टपालाने सरकारी लिफाफा आला. संस्थेच्या अध्यक्ष म्हणजे निवृत्त मुख्याध्यापिका. त्यांना सगळेच ‘मोठ्या बाई’ म्हणत. त्यांनी पत्र वाचलं, चष्मा काढला, पुसला, पुन्हा वाचलं.

“सरकारने खर्चाला कात्री लावली. अनुदान एक तृतीयांशाने कमी. गावात वृद्धांसाठी दोन संस्था आहेत, पुढच्या वर्षी पैसे एकीलाच.”

“दुसरी कुठली?”

“ती गाडीवाली. आणि ऐक, कहर म्हणजे दोघांच्या याद्या त्यांनी पहिल्यांदाच ताडून पाहिल्या. त्रेसष्ट नावं दोन्हीकडे आहेत! पंधरा दिवसांत प्रत्येक नाव एकाच यादीत ठेवायचं. ज्याची यादी लांब, तो राहील. दुसरा…” मोठ्या बाईंनी वाक्य सोडून दिलं. असं त्या शाळेतसुद्धा कधी करत नसत.

“देणगीदार?”

“कोण देतो म्हाताऱ्यांना? चार कंपन्यांची दारं झिजवली मी. त्यांना फोटोत हसरी लहान मुलं हवीत. सरकार म्हणतं समाजाने करावं, समाज म्हणतो सरकारने करावं. आपण मधल्या मधे लोंबकळतोय.”

“लोंबकळायला मला वेळ नाही,” ती म्हणाली. “त्रेसष्ट घरं आहेत ना? जाऊन विचारते, कुणाला कोण हवंय ते.”

“एकटी जाशील तर तो गाडीवाला म्हणेल, पढवून आली.”

“मग त्यालाच घेऊन जाते.”

*

असं ते सुरू झालं. रोज दुपारी तीन वाजता त्याची पांढरी गाडी तिच्या ऑफिसखाली येऊन उभी राहायची आणि ती वही घेऊन पुढच्या सीटवर बसायची. दोन शत्रुपक्ष, एकाच गाडीत.

तिसऱ्याच दिवशी पाऊस लागला. आणि तिच्या लक्षात आलं, गाडीचा वायपर फक्त त्याच्या बाजूचा चालतो. तिच्यापुढे नुसतं पाणी ओघळत होतं.

“मला काही दिसत नाहीये.”

“दुरुस्तीचे पैसे याही वर्षी नामंजूर. रुग्णाला मागे बसवतो, चालवणाऱ्याला दिसलं म्हणजे झालं, असा शेरा आहे.” तो हसला. “थांबा, मी सांगतो ना काय चाललंय ते. डावीकडे शिंप्याचं दुकान. शिंपी दारात उभा राहून पावसाला शिव्या घालतोय. पुढे एक मुलगी… छत्री आहे, पण उघडत नाहीये, मुद्दाम. आता एक मांजर. फारच नाराज.”

“आणि आता?”

“आता सिग्नल. लाल.” तो थांबला. मग रस्ता सोडून तिच्याकडे पाहत म्हणाला, “आणि शेजारी एक बाई. ओठ घट्ट मिटलेले, पण हसू फुटायला आलंय.”

तिने वही उघडून त्यात तोंड खुपसलं. वही उलटी आहे हे तिला पुढच्या चौकात कळलं.

घरी आईच्या नजरेतून काय सुटणार? “यादीच तपासायला जातेस ना?” दाराला टेकून आईने विचारलं. “मग वेणी दोनदा का घातलीस?”

“वारा असतो गाडीत.”

“हो का? मग परवा अत्तर कशासाठी लावलंस, वाऱ्यासाठीच?”

*

यादी मात्र तसूभर पुढे सरकत नव्हती. कुणी निवडेच ना!

“मला दोघंही हवीत,” घड्याळजींनी ठणकावलं. “घड्याळाला विचारता का, लहान काटा ठेवू की मोठा?”

एक निवृत्त नर्सबाई होत्या. कंबर वाकलेली, पण जीभ तलवारीसारखी सरळ. त्या दिवशी त्यांची डोळ्यांच्या डॉक्टरांकडची वेळ ठरली होती. गाडी दारात येऊन उभी राहिली, आणि त्या म्हणाल्या, “मी नाही येत. रात्रभर डोळ्याला डोळा नाही. परत जा.”

तो निमूट वळला. गाडीत बसल्यावर म्हणाला, “दहातल्या चार फेऱ्या अशा जातात. पेट्रोल जळतं, डॉक्टरांची वेळ जाते, आणि तेवढ्यात दुसरंच कुणीतरी गाडीची वाट बघत बसलेलं असतं.”

ती वहीकडे टक लावून बसली होती. “आठ वाजून वीस,” ती हळूच म्हणाली.

“काय?”

“सकाळी आठ वाजून वीस मिनिटांनी त्यांनी मला सांगितलं होतं, झोप लागली नाही म्हणून. मी लिहूनही घेतलंय. हे बघा. आणि याच पानावर खाली… निवृत्त टायपिस्ट, छातीत धडधड, टॅक्सी मिळत नाही. मी चार टॅक्सीवाल्यांना फोन केले हो सकाळी! आणि तुमची गाडी नऊ वाजता कुठे होती?”

“…रिकामी. चौकात. मी पाव खात होतो.”

पत्र्यावर थेंब वाजत राहिले.

“एक विचारू?” तो म्हणाला. “सरकारी फॉर्मवर तो रकाना असतो – ‘या व्यक्तीकडे कोण येतं-जातं?’ तिथे तुम्ही काय लिहिता?”

तिचे कान तापले. “‘कोणीही नाही.’ कुणी येतं म्हटलं की गुण कापतात. तुम्ही?”

“तेच. पाच वर्षं. त्रेसष्ट वेळा.”

“म्हणजे तुम्ही मला… कोणीही नाही केलंत?”

“आणि तुम्ही मला!” तो आधी हसला, मग हसता हसता गंभीर झाला. “रोज त्याच घरात तुमच्या फोनच्या गोष्टी ऐकायचो. फोनवालीने हे सांगितलं, फोनवाली ओरडली. तिथून निघालो की वाटायचं, काय बाई असेल ही… आणि मग कचेरीत जाऊन लिहायचो, कोणीही नाही.”

तिने पटकन खिडकीकडे तोंड फिरवलं. बाहेर काही दिसत नव्हतं, पण पाहणं भाग होतं.

“नवी यादी करायची,” ती खिडकीलाच म्हणाली. “दोन नाहीत. एक. सकाळी आठला माझे फोन, साडेआठला तोवरच्या नोंदी तुमच्या हातात, नऊला गाडी नेमकी जिथे हवी तिथे. एक संस्था, एक अर्ज. तुमच्या दहातल्या चार फेऱ्या वाचल्या की कापून उरलेले पैसेसुद्धा पुरतात. मी हिशेब करून दाखवते.”

“आणि आपल्या वरची मंडळी?”

“ती माझ्यावर सोडा.”

वरची मंडळी म्हणजे इकडे मोठ्या बाई, तिकडे त्याचे अध्यक्ष, निवृत्त बस आगारप्रमुख. दोघांची बैठक तीन तास चालली. पावणेतीन तास, पाटीवर कुणाचं नाव आधी यावर. शेवटी तिने सांगितलं, “पाटी लावायला पैसेच नाहीयेत,” आणि ठराव एकमताने मंजूर झाला.

*

सुनावणीच्या दिवशी अनुदान कार्यालयात नऊ टेबलं होती आणि माणसं पाच. कात्री तिथेही फिरली होती. अनुदान अधिकाऱ्यांनी स्वतःच खुर्च्या ओढून आणल्या, नाक शिंकरलं, अर्ज शेवटपर्यंत वाचला.

“अकरा वर्षांत,” ते म्हणाले, “इथे येऊन कुणी एकत्र करा असं म्हटलं नव्हतं. सगळे दुसऱ्याचं बंद करा म्हणतात.” त्यांनी कागद सरळ केले. “मंजूर. तीन वर्षांसाठी. पगारी पदं दोन – समन्वयक तुम्ही, वाहतूकप्रमुख हे. एक शेवटची औपचारिकता.”

त्यांनी एक छापील कागद पुढे सरकवला आणि सर्दीच्या आवाजात वाचला. दोन्ही पगारदार परस्परांचे नातेवाईक नाहीत, आणि अनुदानाच्या काळात विवाहाने वा अन्य प्रकारे तसं नातं जुळवणार नाहीत. जुळवल्यास अनुदान रद्द.

“घराणेशाही होते हो संस्थांमधून,” ते जरा ओशाळून म्हणाले. “नवरा अध्यक्ष, बायको खजिनदार, सरकारी पैशाने घरचा संसार. म्हणून हा नियम. करा सह्या.”

पेन त्याच्या हातात होतं. त्याने ते कागदावर टेकवलं… आणि थांबला.

आजवर दोघांनी याबद्दल एक अक्षर काढलं नव्हतं. पाऊस, मांजर, पाव, वही यापलीकडे काही नाही. त्याने सही केली तर? तीन वर्षं नोकरी, तीन वर्षं त्रेसष्ट घरं, तीन वर्षं तीच गाडी – आणि मधे हा कागद. आणि नाही केली तर सकाळी आठचे फोन कोण करणार?

“काही अडचण?” अधिकाऱ्यांनी विचारलं.

तो पेनच्या टोकाकडे पाहत होता. “नाही… म्हणजे… साहेब, तीन वर्षं जरा जास्त होतात.”

“कशाला?”

तो लाल झाला. कानांपासून सुरुवात करून मानेपर्यंत. “थांबायला.”

मोठ्या बाईंनी चष्मा काढला. आगारप्रमुखांना खोकला आला. अधिकारी एकदा त्याच्याकडे, एकदा तिच्याकडे पाहत राहिले.

ती ताठ बसली. आवाज शाळेतल्या बाईंसारखा आहे ना, मग आता वापरावा.

“मलाही जास्त होतात,” ती म्हणाली. “आणि खोटं मी पुष्कळ फॉर्मवर लिहिलंय, साहेब, या एकावर लिहिणार नाही.”

“अहो, पण मग दोघांपैकी एकाला पद सोडावं लागेल!”

“हो. पद मी ठेवणार.” तिने त्याच्याकडे वळून, डोळ्यांत डोळे घालून विचारलं, “तुम्हाला पटतंय का ते आधी सांगा. त्याग वगैरे मला नकोय. नंतर जन्मभर बोलून दाखवायचा, तो तर नकोच.”

“पटतंय,” तो म्हणाला. “वही तुमची, डोकं तुमचं. चालवणारे आणखी मिळतील, तुमच्यासारखी फोन करणारी नाही मिळणार. जिल्हा दवाखान्याने रुग्णवाहिकांचा कारभार बघायला मला दोनदा विचारलंय. दोनदा नाही म्हणालो. तिसऱ्यांदा मीच विचारेन.” त्याने पेन टेबलावर ठेवलं. “वाईट वाटेल. ती गाडी मी सुरू केली होती. माझ्या वडिलांच्या तीन तपासण्या नुसत्या वाहनापायी हुकल्या, म्हणून. वर्षभर तरी वाटेलच वाईट.”

“मग गाडी कोण चालवणार?” अधिकाऱ्यांनी विचारलं. आता त्यांनाही गोष्टीचा शेवट हवा होता.

“मावशी,” आगारप्रमुख म्हणाले. “आमची दुसरी गाडी तीच चालवते. चार वर्षं अर्ध्या पगारावर. याच्यापेक्षा बरी चालवते, खरं सांगायचं तर.”

“मावशी? कुणाची मावशी? नातेवाईक नकोत म्हटलं ना!”

“कुणाचीच नाही हो. सगळे म्हणतात म्हणून मावशी. सख्ख्या भाच्यांशी तर तिचं पटत नाही.”

अधिकाऱ्यांनी नाक शिंकरलं, वाहतूकप्रमुखापुढचं नाव खोडलं, आणि तो कागद तिच्याकडे सरकवला. “मावशींना उद्या सहीला पाठवा. तुमची आजच करा. आणि… अभिनंदन. दोन्हींबद्दल.”

तिने सही केली. एकाच झटक्यात, नेहमीसारखी. फक्त शेवटची रेघ जरा लांब गेली.

*

बाहेरच्या जिन्यात मोठ्या बाईंनी तिला कोपऱ्यात घेतलं. “सरकारी सुनावणीत कुणी मागणी घालतं का गं?”

“मागणी त्यांनी घातली, बाई. मी फक्त मंजूर केली.”

“आगाऊ,” मोठ्या बाई म्हणाल्या, आणि तिच्या गालावर एक टपली मारून, आगारप्रमुखांचा दंड धरून खाली उतरल्या. “चला हो. या दोघांना बोलू द्या. पाटीचं आपण नंतर बघू.”

जिना रिकामा झाला. खालून रस्त्याचा आवाज येत होता. तो कठड्याला टेकून उभा होता आणि इतका वेळ धीट असलेली ती आता एकदम हातातली वही घट्ट धरून उभी होती.

“मी सगळ्यांसमोर बोललो,” तो म्हणाला, “पण तुम्हाला विचारलंच नाही. विचारायला हवं होतं ना?”

“हवं होतं.”

“विचारू?”

“सकाळी आठ ते दहा सोडून कधीही विचारा. तेव्हा मी कामात असते.”

“आता साडेबारा झालेत.” तो एक पायरी खाली आला. दोघांचे डोळे एका पातळीत आले. “माझ्याशी लग्न करशील?”

करशील. इतक्या दिवसांचं ‘तुम्ही’ कुठल्या कुठे गळून पडलं, आणि तिला वाटलं, किती सोपं आहे हे… दोन अक्षरांचा तर बदल.

“करेन,” ती म्हणाली. “पण वर्षभर वाईट वाटणार म्हणालास ना, ते एकट्याने वाटून घ्यायचं नाही. रोज मला सांगायचं.”

“रोज?”

“रोज. मी विचारीनच.”

त्याने तिच्या हातातली वही काढून घेतली, कठड्यावर ठेवली, आणि रिकामे झालेले तिचे दोन्ही हात आपल्या हातांत घेतले. खालच्या मजल्यावरून कुणीतरी फायलींचा गठ्ठा छातीशी धरून वर आलं, दोघांना पाहून थबकलं, आणि पाऊल न वाजवता पुन्हा खाली उतरून गेलं.